तळ्यात पोहून आलेल्यांसाठी

मी चोवीस पानांची एक पुस्तिका बोलतेय. जिनिव्हातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्यात एका जंताची माहिती आहे. आफ्रिकेतल्या काही तळ्यांत तो गोगलगायींतून बाहेर पडतो, पोहणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो, आणि पुढे कित्येक महिन्यांनी त्या माणसाच्या लघवीतून रक्त जायला लागतं.

टपालाने मी बेंगळुरूच्या एका वैद्यकीय ग्रंथालयात आले. मी इतकी पातळ, की जाड पुस्तकांमध्ये दिसेनाशी व्हायची. मग कुणीतरी मला 'इतर' लिहिलेल्या खोक्यात टाकलं. तिथे अकरा वर्षं गेली. माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

मागच्या वर्षी शलाका नावाची नवी ग्रंथपाल आली. ती आणि तिथले जुने कर्मचारी नागराजअण्णा रोज एक खोकं उघडायचे. नुसतं रोगाचं अवघड नाव लिहून ती थांबायची नाही, देश आणि साध्या शब्दांत लक्षणंही संगणकावर नोंदवायची. माझ्या नावापुढे तिने लिहिलं: मलावी, तळं, पोहणं, लघवीतून रक्त.

दोन महिन्यांनी शहरातल्याच बनशंकरी भागातून स्मिता आली. तिचा नवरा अजित सरकारी कंपनीत इंजिनिअर.

"यांच्या लघवीतून रक्त जातंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मूत्राशयात गाठीसारखं दिसतंय. सोमवारी तुकडा काढून तपासणार आहेत. मोबाइलवर शोधलं की कॅन्सरच येतो समोर. काय वाचू तेच कळत नाही."

शलाकाने खुर्ची पुढे केली. "ते मध्यंतरी परदेशात होते का?"

"मलावीत होते दीड वर्ष, पंपांच्या कामावर. पण परत येऊन वर्ष झालं."

"तिथे तळ्यात वगैरे पोहायचे?"

"दर रविवारी. फोटो आहेत माझ्याकडे."

शलाकाने दोन शब्द टाइप केले आणि पडद्यावर माझं नाव आलं. "स्वल्प थांबा अक्का," असं आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणत नागराजअण्णा मला घेऊन आले. सतराव्या पानावर लिहिलं होतं: या जंताची अंडी शोधायची तर लघवीचा नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान घ्यावा.

स्मिताने ते दोनदा वाचलं. "आमचे सगळे नमुने पहाटेचे होते."

"हाच आजार असेल असं मी सांगू शकत नाही," शलाका म्हणाली. "पण डॉक्टरांना हे दाखवा." तिने माझी सगळी पानं झेरॉक्स करून दिली.

गुरुवारी स्मिताचा फोन आला. डॉक्टरांनी पानं वाचून दुपारचा नमुना मागवला होता. अंडी सापडली. सोमवारची तपासणी रद्द झाली होती, आणि औषध म्हणजे एका दिवसाच्या गोळ्या. फोन ठेवून शलाका खुर्चीतून उठली. मग नागराजअण्णांना म्हणाली, "चला, कॉफी घेऊ." इतकी वर्षं अंगावर धूळ साचली होती माझ्या, पण हलकं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

महिन्याभराने अजित स्वतः आला. रक्त थांबलं होतं. मला चाळता चाळता तो म्हणाला, "माझ्याबरोबर आणखी तिघं पोहायचे. त्यांना हे पाठवता येईल का?"

शलाकाने मला स्कॅन केलं, तिघांना पाठवलं, आणि कोणालाही घरबसल्या उघडता येईल असं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरही ठेवलं. दुसऱ्याच दिवशी त्या तिघांतल्या एकाचं नागपूरहून उत्तर आलं: 'मला सहा महिने हेच होतंय. भीतीने घरी बोललो नव्हतो. उद्या तपासायला जातोय.'

तुमच्याही घरात कुणी असं गप्प बसलं असेल, तर त्याला बोलतं करा. कुठे कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना सांगा, ग्रंथपालाला विचारा. मी आता सापडते.