बसणाऱ्या मालकाचं लाकूड

तीन लाख चाळीस हजार डॉलरमध्ये काय काय येतं, हे राजसने आईला शनिवारी सकाळी पोहे खाता खाता समजावून सांगायला घेतलं. टेबलावर एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला कुलमुखत्यारपत्राचा कागद, आणि मधे मालिनीबाईंचा चहा.

२००६ सालचा मे महिना होता. मालिनीबाई मार्चमध्ये मुलाकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आल्या होत्या आणि तेव्हापासून घरात बोटीशिवाय दुसरा विषय नव्हता. मागच्या वर्षी राजस आणि त्याचा कॉलेजातला मित्र सिद्धेश इंडोनेशियात समुद्रात बुड्या मारायला गेले होते. तिथे सुलावेसी बेटाच्या एका किनाऱ्यावर त्यांनी शिडाची लाकडी जहाजं बांधताना पाहिली. पिनिसी म्हणतात त्यांना. नकाशा नाही, कारखाना नाही; वाळूत, माडांच्या सावलीत माणसं हातांनी शंभर फुटी जहाज उभं करतात. राजस तिथेच वेडा झाला. त्याला आपले आजोबा आठवले, आईचे वडील, आबा. त्र्यंबक मेस्त्री, विजयदुर्गच्या खाडीवर गलबतं बांधणारे. ते गेले तेव्हा राजस अकरा वर्षांचा होता, आणि तेवढ्या वयात जो माणूस डोळ्यांत भरतो तो जन्मभर तेवढाच उंच राहतो.

तर बेत असा होता की राजस आणि फ्रीमाँटचा सिद्धेश, दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून एक पिनिसी बांधून घ्यायची, आठ खोल्यांची, आणि ती पर्यटकांना भाड्याने द्यायची. जहाजाचं नावही ठरलं होतं, 'त्र्यंबक'. राजसच्या वाट्याला एक लाख सत्तर हजार येत होते. नव्वद हजार घरावर कर्ज काढून, चाळीस हजार शिलकीतून. उरलेले चाळीस हजार, म्हणजे अठरा लाख रुपये, खाडीकाठची जागा विकून यायचे होते. आबांची गलबतं जिथे बांधली जायची तीच ती जागा. ती मालिनीबाईंच्या नावावर होती आणि गावी भाचा बाळ गिऱ्हाईक धरून बसला होता. सही तेवढी राहिली होती. शुक्रवारी पहिला हप्ता पाठवायचा होता.

"आई, तू एकदा बघ तरी एस्टिमेट. तुझ्याएवढं यातलं इथे कोणाला कळतं?"

मालिनीबाईंनी चष्मा पुसला आणि पडद्याकडे वाकल्या. "कण्याचं लाकूड कुठलं म्हणालास?"

"उलीन. पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं जड."

"बरं. आणि फळ्यांचं?"

"खालच्या उलीनच्याच. डेक सागाचं."

"फळ्यांच्या सांध्यांत काय भरतात?"

"झाडाची साल. कुटून भरतात आणि वरून रेझिन."

"आम्ही कापूस आणि राळ भरायचो." मालिनीबाई पुढच्या ओळीवर गेल्या. "पाण्यात लोटायचे चार हजार. माणसं किती लागतात?"

"दीडशे. सगळं गाव दोर ओढतं."

"आणि जेवण?"

राजसने एस्टिमेट खालीवर करून पाहिलं. "ते... त्यातच असेल."

"नसणार. लोटणं एका भरतीत होत नाही. उधाण चुकलं की पंधरा दिवस वाट बघा, आणि तोवर माणसं धरून ठेवा."

राजसची बायको गिरिजा शेगडीपाशी उभी होती. ती नागपूरची, एका बँकेत हिशेबतपासनीस, आणि या बेताकडे ती पहिल्यापासून जरा लांबूनच बघत होती. "लिही रे राजस," ती म्हणाली. "दीडशे पानं, गुणिले पंधरा दिवस. गोड काय ठेवायचं?"

"टोमणे नकोत हं."

"टोमणा कसला? लाइन आयटम सांगतेय."

असं करत करत तासाभरात मालिनीबाईंनी एकतीस हजारांचा खर्च वाढवून दाखवला. ओलं लाकूड वाळेपर्यंत छपराचं भाडं. दुसरं शीड. वजनाला तळाशी घालायचे दगड. पहिल्या वर्षानंतर बाहेर काढून सांधे पुन्हा भरण्याची मजुरी, कारण नवं लाकूड पाण्यात फुगतं आणि पहिलं भरलेलं सगळं ओकून टाकतं. राजस खूश झाला. त्याला वाटलं, आई रमली. रमल्या होत्याच त्या. पन्नास वर्षं कोणी यातलं काही विचारलं नव्हतं त्यांना.

"आणि समोर कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बांधायला अकरा महिने म्हणतोस. अकरा महिने तिथे बसणार कोण? तू का सिद्धेश?"

राजस हसला. "अगं, बसायला कशाला लागतंय? मी बेंगळुरूची चाळीस जणांची टीम इथून मॅनेज करतो. तिकडचा मेस्त्री दर आठवड्याला फोटो आणि रिपोर्ट पाठवणार. टप्पा पूर्ण झाला की पैसे. आणि मला कुठे जाता येतंय? नोकरी सोडली की ग्रीन कार्डाचा अर्ज गेला, सहा वर्षं पाण्यात. सिद्धेशचंही तेच."

"रिपोर्ट कोण लिहितो?"

"मेस्त्रीची मुलगी. कॉलेजात आहे. आमच्या ऑफिसात लाजतील इतकं नीट लिहिते. हे बघ, दुसऱ्या एका बोटीचे जुने रिपोर्ट नमुना म्हणून पाठवलेत." त्याने एक पत्र उघडून वाचून दाखवलं. काम समाधानकारक चालू आहे. या आठवड्यात डाव्या बाजूच्या सहा फळ्या बसल्या. लाकूड उत्तम प्रतीचं आहे.

मालिनीबाईंनी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तो त्यांनी पुन्हा खाली ठेवला.

हे सांगायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नवा नव्हता. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. भावंडं गेली, त्यांनाही माहीत नव्हतं. आणि आता समोर बसलेल्या मुलाच्या लेखी त्र्यंबक मेस्त्री म्हणजे जहाजाच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, कोरायचं नाव. पण घर गहाण पडणार होतं.

"राजस, लॅपटॉप मिट जरा," त्या म्हणाल्या. त्याने मिटल्यावर त्यांनी सांगायला घेतलं.

"एकावन्न साली आबांकडे एकाच वेळी दोन गलबतं होती. एक मालवणच्या दिगंबर तांडेलाचं. तो रोज सकाळी छत्री घेऊन यायचा आणि कामावर बसायचा. बोलायचा नाही फारसा. प्रत्येक फळी लावायच्या आधी नखाने खरवडून बघायचा, आणि दुपारी सुतारांबरोबर पेज प्यायचा. दुसरं गुरुनाथशेटचं. तो मुंबईला मांडवीत. त्याने पैसे वेळेवर पाठवले, उलट दिगंबरपेक्षा वेळेवर. पण तो आला नाही. पत्रं मागायचा दर आठवड्याला."

"बरं."

"लाकूड दोघांचं एकाच खेपेत आलं होतं. ओंडका चिरला की आतला गाभा लाल निघतो आणि बाहेरचा थर पांढरा. गाभा पंचवीस वर्षं पाण्यात टिकतो. पांढरं तीन-चार. गाभा सगळ्यांना पुरत नव्हता. दिगंबर समोर बसला होता."

गिरिजाने गॅस बंद केला.

"म्हणजे आजोबांनी..." राजस म्हणाला.

"पांढऱ्या फळ्या गुरुनाथशेटला गेल्या. पाण्याखालच्या भागात. वर तेल आणि राळ बसली की कुठली कुठली ते ब्रह्मदेवाला कळलं नसतं."

"आजोबा असं करणार नाहीत, आई. तू तेरा वर्षांची होतीस. तुला काय कळलं असेल त्यातलं?"

"पत्रं मी लिहायची."

राजसने मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला.

"आबांचं अक्षर वाईट. माझं वळणदार होतं. 'काम समाधानकारक चालू आहे. सागाचा गाभाच वापरला आहे.' दर रविवारी एक पत्र, अशी चौतीस पत्रं लिहिली मी. आबा पाठीमागे उभे राहून सांगायचे. गाभ्याचं पहिल्यांदा लिहायची वेळ आली तेव्हा मी वळून बघितलं त्यांच्याकडे. ते म्हणाले, लिही."

"बुडालं का ते गलबत?" गिरिजाने हळूच विचारलं.

"छे गं. एकोणीस वर्षं चाललं. कोचीपर्यंत जायचं. पण दर तिसऱ्या वर्षी त्याच्या फळ्या बदलायला लागायच्या, आणि बदलायला ते आमच्याकडेच यायचं. दुसरीकडे कशाला जाईल? शेटचा आबांवर विश्वास होता. मी रत्नागिरीला कॉलेजात गेले ती त्या दुरुस्तीच्या पैशांवर."

खिडकीबाहेर शेजारचा अमित त्याच्या मिनीव्हॅनवर सायकली बांधत होता. त्याने हात केला, गिरिजाने उलट हात केला.

"आबा लबाड नव्हते," मालिनीबाई म्हणाल्या. "दिगंबरचं गलबत तुम्ही बघायला हवं होतंत. जन्मात एवढं सुंदर काम केलं नसेल त्यांनी. आणि तुझा तो तिकडचा मेस्त्रीही लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याकडेही एका वेळी तीन-चार जहाजं असतील. चांगलं लाकूड थोडंच असेल. त्यातलं कोणाला द्यायचं, ते त्याला रोज सकाळी ठरवावं लागत असेल. समोर जो बसलेला असेल त्याला तो नाही म्हणू शकणार नाही. एवढंच."

"मग अकरा महिन्यांसाठी माणूस ठेवू पगारावर."

"ठेव. शेटनेही ठेवला होता एक कारकून. तो आमच्याकडेच जेवायचा."

गिरिजाला हसू आवरेना. राजसला नाही हसू आलं. त्याने कुलमुखत्यारपत्र उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. मग विचारलं, "हे आजवर का सांगितलं नाहीस?"

"लागलं नव्हतं सांगायला."

"आणि मी बोटीला नाव द्यायला निघालो होतो."

"ते ऐकतच होते मी मार्चपासून," मालिनीबाई म्हणाल्या.

तो उठून मागच्या अंगणात गेला. मालिनीबाईंनी बशा उचलल्या, धुतल्या, पुसल्या. गिरिजा म्हणाली, "आई, राहू द्या, डिशवॉशरला लावते," तरी त्या पुसतच राहिल्या. त्यांना वाटलं, मुलाचे पैसे वाचवले की बाप घालवला, ते आता काचेपलीकडच्या त्या पाठमोऱ्या माणसाच्या हातात आहे. पाऊण तास झाला. मग तो आत आला, आणि त्यांच्यासमोरच त्याने सिद्धेशला स्पीकरवर फोन लावला.

"बोल भावा! काकूंची सही झाली?"

"सिद्धेश, माझं कॅन्सल कर. मी नाही येत यात."

"काय? यार, शुक्रवार तोंडावर आलाय! काकूंना जमिनीचं इमोशनल झालं का? त्यांना दे, मी बोलतो."

"आईचा काही संबंध नाही. माझं ग्रीन कार्ड लटकलंय. दोघांपैकी एकालाही तिथे जाऊन राहता येत नाही, आणि राहिल्याशिवाय हे होणारं काम नाही. तूही थांब असं माझं म्हणणं आहे."

"अरे, वीकली रिपोर्ट येणार आहेत ना?"

"रिपोर्ट मीही रोज लिहितो, सिद्धेश. त्यात काय असतं ते मला माहीत आहे."

पलीकडून शिव्या आल्या, त्यातली एक हिंदीत. मग जरा खालच्या आवाजात सिद्धेश म्हणाला, "आजोबांच्या नावाची बोट होती रे ती. तूच म्हणायचास, असा मेस्त्री कोकणात झाला नाही."

मालिनीबाईंनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. राजसने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"नाहीच झाला," तो म्हणाला. "ठेवतो."

फोन ठेवल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसला. मघाशी आकडे विचारत होता त्याच आवाजात त्याने विचारलं, "शेटच्या गलबताला किती फळ्या पांढऱ्या गेल्या?"

"डावीकडे नऊ. उजवीकडे सात."

"एवढं नक्की कसं आठवतंय?"

"आबांनी यादी करून ठेवायला लावली होती. दुरुस्तीला आलं की कुठल्या आधी काढायच्या ते कळायला नको?"

राजसने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. त्याला हसू आलं होतं की काय, ते मालिनीबाईंना नीट दिसलं नाही. "आणि दिगंबर तांडेलाच्या?" तो म्हणाला. "त्याला एकही नाही?"

"एकही नाही. ते कसं बांधलं ते सांगू?"

"सांग."

मग मालिनीबाईंनी दाजीपूरच्या जंगलातून लाकडाच्या बैलगाड्या निघाल्या तिथून सुरुवात केली. गिरिजाने पुन्हा चहा टाकला.