परातीतला किल्ला

शनिवारच्या उपक्रमासाठी शाळेत परातीत मातीचा किल्ला करून न्यायचाय, असं लेकीच्या तोंडून कळलं आणि तुकोजी मोहित्यांच्या अंगात पूर्वज संचारले. राहायला दूर हिंदी मुलखात, थाटीपुरातलं सरकारी क्वार्टर असलं म्हणून काय झालं, घराणं लढवय्यांचं!

आठवडाभर त्यांनी गार्गीला तिच्या हाताने माती थापू दिली. शुक्रवारी ती शाळेत असताना पाहिलं, तर वेडावाकडा ढिगारा आणि त्यावर मोहरीचे इवलेसे कोंभ. "हा किल्ला? नाक कापणार ही पोरगी आमचं!" म्हणत त्यांनी तो मोडला. मग बुरूज उभारले, दरवाजा कोरला, हिरवा भुसा पसरला, भगवा रोवला. घरी आल्यावर गार्गी परातीकडे नुसती बघत राहिली. तुकोजींना वाटलं, पोरगी भारावली.

शनिवारी परात घेऊन ते स्वतः वर्गात गेले. तिथे मुलं आपापल्या ओबडधोबड ढिगाऱ्यांवरचे कोंभ फूटपट्टीने मोजत होती. तुकोजींच्या बुरुजांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फळ्यावर लिहिलं होतं, 'किसका बीज कितना बढ़ा?'

गरिमा मॅडम गार्गीजवळ आल्या. "तुम्हारे पौधे कहाँ हैं, बेटा?"

गार्गीने दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. तुकोजींच्या नखांत अजून माती होती. त्यांनी हात पाठीमागे नेले.

"मैम, मैं पानी देना भूल गई," गार्गी म्हणाली, आणि खाली मान घालून तिने वहीत शून्य लिहिलं.