जवसाच्या तेलाने बिघडलेला माझा क्लच

मी अमरावतीच्या एका प्रसूतिगृहाची जुनी मोटार आहे, मित्रांनो. एकोणीसशे अठ्ठावन्न साली डॉक्टर चारुशीलाबाईंनी खेड्यापाड्यांतल्या अडलेल्या बाळंतिणींना आणण्यासाठी मला घेतले. पुढे माझे पुष्कळ कौतुक झाले. पण आज सांगते ती गोष्ट आठवली की अजून मला किळस येते.

माझ्या क्लचला तार नव्हती. पेडल दाबले की बारीक नळीतले तेल पुढे सरके, इंजिन चाकांपासून सुटे आणि मगच गिअर बदलता येई. नळीच्या दोन्ही टोकांना रबराच्या लहान वाट्या होत्या. त्यांना एकच खास तेल चाले आणि ते अकोल्याहून आणावे लागे.

सूर्यभान माझा ड्रायव्हर. रोज माझ्या काचा पुसायचा, म्हणून मला तो आवडे. एकदा ते तेल कमी झाले. बाईंनी त्याला अकोल्याला जायला सांगितले. तो आज जातो, उद्या जातो म्हणत राहिला. शेवटी त्याने स्वयंपाकघरातून भजी तळून उरलेले जवसाचे तेल आणले आणि माझ्या क्लचच्या तेलाच्या डबीत ओतले. बेसनाच्या जळक्या कण्यांसकट. तो चिकट, खवट ओघळ नळीत उतरला.

चार दिवसांत पेडल नरम पडले. सूर्यभानच्या पायाला ते कळत होते. तरी सकाळी बाईंनी विचारले, "गाडी ठीक आहे ना?" तेव्हा तो "हो" म्हणाला.

त्या दिवशी आम्ही बडनेऱ्यापलीकडच्या गावातून सुभद्रेला घेऊन निघालो. दोन दिवसांपासून ती कळा देत होती. तिची सासू मनकर्णा आणि नर्स बेबीताई तिला धरून बसल्या होत्या. बडनेऱ्याचे रेल्वे फाटक बंद होते. सूर्यभानने पेडल दाबले, ते सरळ खाली गेले, पण इंजिन सुटले नाही. मी गचका खाऊन बंद पडले.

मालगाडी गेली, फाटक उघडले. सूर्यभानने मला पुन्हा सुरू केले, पण गिअर नुसता करकरत राहिला. "गाडीच हलकट आहे," तो म्हणाला.

शेजारी सायकल धरून उभा असलेला चंद्रभान पुढे आला. तो रेल्वेत फिटर होता. त्याने पेडल हाताने दाबून पाहिले, बॉनेट उघडले, डबीत बोट बुडवले आणि वास घेतला. त्याचे तोंड वाकडे झाले.

"हे तं जवसाचं तेल व्हय. यात भजे तळले का तुमी? कोनं टाकलं?"

"मले काय मालूम? गॅरेजवाल्यानं टाकलं असन," सूर्यभान म्हणाला.

ते घाण तेल मी कसेबसे सोसले होते. पण आत एक बाई जिवाच्या आकांताने ओरडत असताना केलेले हे खोटे मला सोसवेना.

"थे मंग पाहू," चंद्रभान म्हणाला. "इंजन बंद करा. पयला गिअर टाका अन् गिअरमंदीच स्टार्टर मारा. हिसका बसन, पन निंगन. मंग मधात कोठी थांबू नका."

मोठा हिसका देऊन मी निघाले. चंद्रभान पुढे बसून हात बाहेर काढून लोकांना बाजूला करत होता. आम्ही कुठेही न थांबता प्रसूतिगृहाच्या दारात पोचलो. तासाभरात सुभद्रेला मुलगी झाली. दोघीही वाचल्या.

दुसऱ्या दिवशी चंद्रभानने मला खोलले. रबराच्या वाट्या सुजून गिळगिळीत झाल्या होत्या. नळीतून काळा चिकट गाळ निघाला. त्याने नळी स्पिरिटने धुतली, बाईंनी अकोल्याहून मागवलेल्या नव्या वाट्या बसवल्या आणि तिथलेच योग्य तेल भरले. सूर्यभान पेडल दाबी, चंद्रभान खालचा स्क्रू सैल करून नळीत अडकलेली हवा काढी. बुडबुडे थांबले आणि पेडल कडक झाले.

पाचव्या दिवशी मनकर्णा नवे उपरणे घेऊन सूर्यभानकडे आली. "तुह्या पायी माही सून वाचली, बाप्पा."

सूर्यभानने हात पुढे केला नाही. "माय, थे तेल मीच टाकलं होतं."

मनकर्णाने त्याच्याकडे पाहिले. मग उपरणे घडी करून काखेत धरले.

"सांगतलं थे बरं केलं," ती म्हणाली. "पन हे मी त्या फिटरले देतो."

मित्रांनो, यंत्रात काय घालावे हे माहीत नसेल तर जाणत्याला विचारा. हातून चूक झालीच, तर कोणी गाडीत बसण्याआधी ती सांगा. सूर्यभान त्याच दुपारी अकोल्याच्या गाडीने शिलकीला ठेवायचे तेल आणायला गेला. जाताना त्याने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. त्याने खरे सांगितले होते, तरी रोज माझ्या काचा पुसणारा तो हात मला त्या दिवशी नकोसा वाटला.