तेवीस आणि बत्तीस

घरात तिचं नावच भिंगरी पडलं होतं, कारण पायाला ती कायमची लागलेली. वैमानिक व्हायला परदेशात आली तरी फरक शून्य. शिकवणीआधी विमानं धुणं-पुसणं हे तिचं रोजचं काम, पण आज फडकं एकाच पंखावर पडून होतं आणि ती विमानाभोवती फिरत होती.

ती पहिल्यांदा एकटी उडणार की पुढच्या तुकडीत ढकलली जाणार, हे आज ठरणार होतं. काल विमानतळाच्या टॉवरने रेडिओवर धावपट्टी सांगितली, "टू-थ्री." ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, हा नियम. हिने ठणठणीत आवाजात म्हटलं, "थ्री-टू." आणि पंचाईत अशी, की तिथे तेवीस नंबरची धावपट्टी होती तशी बत्तीस नंबरचीही होती. दोघी कात्रीसारख्या एकमेकींवर आडव्या. शिकवणाऱ्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं, तर एकटीचं उड्डाण तीन महिन्यांनी."

फडकं खांद्यावर टाकून तिने आईला फोन लावला.

"अगं, टू-थ्री म्हणजे तेवीस. बालवाडीतलं पोर सांगेल," आई म्हणाली.

"तेच तर. तेवीस म्हण बरं हळू. ते... वीस. तीन आधी येतो ना?"

आईने हळू म्हणून पाहिलं. मग नुसतं पुटपुटणं. "अगंबाई. आणि बत्तीसमध्ये दोन आधी. हे मेलं सगळंच उलटं आहे की."

"मी ऐकते, मनात मराठी करते आणि तोंडातून बरोब्बर उलटं सांडतं."

"मग मनात काही करूच नकोस. पोपट हो, पोपट."

"पोपटाला लायसन्स देत नाहीत, आई."

"उडतो मात्र तुझ्याआधी."

शिकवणीची वेळ झाली, मॅडम विमानात तिच्या शेजारी बसल्या. दोन फेऱ्या झक्कास झाल्या. तिसरीला वारा फिरला, तशी धावपट्टीही बदलली आणि टॉवर म्हणाला, "थ्री-टू." डोक्यात बत्तीसची घंटा वाजली, तोंडातून "टू" निसटलंसुद्धा. मॅडमची मान वळली. तिने रेडिओचं बटण सोडलं, पुन्हा दाबलं. "चुकले. परत सांगा." टॉवरने परत सांगितलं. तिने एकेक आकडा दाताखाली धरून सोडला, "थ्री. टू."

उतरल्यावर मॅडमनी विमान कडेला थांबवायला लावलं. झालं, बसा आता तीन महिने माशा मारत. काही विचारायच्या आतच तिने तेवीस-बत्तीसचं अख्खं रामायण सांगून टाकलं.

मॅडमनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "चुका सगळेच करतात. तू ती अर्ध्यावर पकडलीस, तेही मी तोंड उघडायच्या आधी. मग माझं इथे काय काम?" पट्टा सोडून त्या उतरल्या, दार लावलं आणि गवतावर जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडम चांगल्या भारदस्त. त्यांचं वजन गेल्यावर विमान असं चटकन उचललं गेलं, की ती त्यालाच म्हणाली, "अरे, थांब की जरा." एक फेरी. टेकताना विमानाने दोन उड्या मारल्या, पण ज्या धावपट्टीवर मारायच्या तिच्यावरच.

"अभिनंदन," टॉवर म्हणाला.

"अभिनंदन," तिने जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं.