धाकटीच्या छताची ओल

मित्रांनो, मी भिंतीची ओल मोजणारे एक जुने यंत्र आहे. मला दोन सुया आहेत. त्या गिलाव्यात टोचल्या की पाणी कुठे मुरते आहे ते माझा आकडा सांगतो. पंधरा वर्षे मी इमारत दुरुस्त करणाऱ्या ताईंच्या पिशवीत राहिलो.

एका घरी वर थोरली बहीण राहायची, खाली धाकटी. धाकटीच्या छताच्या कोपऱ्याला ओल आली आणि दोघींचे बोलणे तुटले. दोन वर्षे झाली होती.

"तिच्या न्हाणीघरातूनच गळतंय. डोळे मिटून लिहून घ्या," धाकटी ताईंना म्हणाली.

ताईंनी मला छतावर वीत-वीत अंतरावर टोचले. न्हाणीघराच्या बाजूला छत कोरडे होते. स्वयंपाकघराच्या भिंतीकडे मात्र माझा आकडा चढतच गेला. त्या भिंतीत, छताला लागून, धाकटीच्याच नळाचा पाइप होता.

"तुमच्या नळाची चावी दोन दिवस बंद ठेवा. मग खात्री होईल," ताई म्हणाल्या.

"आणि पाणी कुठून आणू?"

ताईंनी नुसते वर पाहिले.

धाकटीने बरीच टाळाटाळ केली. शेवटी बादली घेऊन ती जिना चढली. ताई आणि मी मागोमाग होतो. थोरलीने दार उघडले, बादलीकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढी जड उचलू नकोस. तुझी कंबर धरते. मी आणून देते."

दोन दिवसांनी माझा आकडा उतरला. भिंत फोडल्यावर पाइपचा गंजलेला सांधा सापडला. धाकटीला मान वर करवेना.

सांधा बदलला. "आता रंग मारून टाका," ती म्हणाली. ताईंनी ऐकले नाही. ओला गिलावा खरवडून महिनाभर पंखे लावले. मी कोरडा आकडा दाखवल्यावरच नवा गिलावा झाला, आणि तोही वाळल्यावर रंग.

मित्रांनो, आता ताईंकडे टोचावे न लागणारे नवे यंत्र आहे. मी कपाटात असतो. माझे एवढेच मागणे आहे. भिंतीवर डाग दिसला तर तो रंगाखाली झाकू नका. पाणी कुठून येते ते आधी शोधा, आणि भिंतीला वाळायला वेळ द्या.

त्या घरी शेवटच्या तपासणीला आम्ही गेलो होतो, तेव्हा धाकटी रिकामी बादली घेऊन जिना चढत होती. तिच्या नळाला भरपूर पाणी होते.