दहावा शब्द

आम्हा बेने इस्राएल ज्यू लोकांत माणसं मोजायची नाहीत, असं म्हणतात. मग प्रार्थनेला लागणारे दहा जण जमले हे कळणार कसं? एका हिब्रू वचनाचे दहा शब्द एकेकावर म्हणायचे, शब्द संपले की माणसं पुरी. माझ्या नवऱ्याला, हायमला, ते वचन कधी धड पाठ झालं नाही. रेवदंड्याला असताना त्याने स्वतःचंच मराठी वाक्य जुळवलं होतं: "देवा, नारळ फोडला, पोहे भिजले, आता तू ये आणि बस." मोजून बघा, बरोबर दहा.

तेव्हा कोण किती कट्टर हे विचारायची कुणाला सवड नव्हती. चादर अंथरायची, मध्ये मलिद्याची परात ठेवायची: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळी नि खजूर. सगळे दाटीवाटीने बसायचे. फार आठवण येते हो त्या दिवसांची.

सिडनीला आलो आणि मुलांना पाट्या सापडल्या. एझ्रा ऑर्थोडॉक्स झाला. शनिवार विश्रांतीचा म्हणून गाडीला हात लावत नाही, माझी भांडी त्याच्या सोवळ्यात बसत नाहीत म्हणून माझ्याकडे येताना कागदी ताटली घेऊन येतो. शुलामिथ, त्याची मोठी बहीण, प्रोग्रेसिव्ह. तिच्या टेंपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, रब्बी, म्हणजे धर्मगुरू, बाई आहे आणि दहांत बायकाही धरतात. नातू म्हणतो, "आजी, आय ॲम जस्ट ज्युइश." घरोघरी मातीच्या चुली असतात, आमच्या एकाच घरात तीन.

हायमला जाऊन वर्ष झालं, म्हणून सिडनीच्या स्कोफिल्ड्स भागातल्या आमच्या घरी रविवारी मलिदा ठेवला. माझी इच्छा एकच होती. दोघांनी मिळून बापासाठी कद्दिश म्हणावं. गेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना, आणि तिला दहा जण लागतातच. एझ्राने काही काढू नये म्हणून मी परातही नवीकोरी आणली.

दहावा पुरुष माझा भाचा सिद्धार्थ. सगळे जमल्यावर त्याचा फोन आला, "सॉरी मावशी, वेस्टमीड हॉस्पिटलात शिफ्ट वाढलीय. नाही जमणार."

चादरीवर नऊच पुरुष उरले.

"मग कद्दिश नाही म्हणता येणार," एझ्रा म्हणाला.

"मी आहे की," शुलामिथ म्हणाली.

"ताई, तू नाही चालत. मी नाही ठरवत ते."

"वर्षभर दर आठवड्याला टेंपलमध्ये डॅडींसाठी म्हणतेय मी. ते फुकट गेलं?"

"तुझ्या टेंपलचं तुझ्यापाशी."

झालं. तिने शूज घातले, गाडीची किल्ली उचलली. माझं डोकंच फिरलं.

"जा," मी म्हटलं. "एझ्रा, तूही जा. तुमच्या पाट्या वाचत बसायला तुमच्या बापाला कधी वेळ नव्हता. मलिदा मी एकटी खाते."

कोणी हललं नाही. मला पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून सवयीने बोट उचललं आणि पहिल्यापासून सुरू केलं. देवा. नारळ. फोडला. पोहे. भिजले. आता. तू. ये. 'आणि' एझ्रावर आला. एक शब्द उरला होता आणि चादरीवर माणूस नव्हतं. तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. बोट तसंच हवेत राहिलं.

दोघांनाही ते वाक्य लहानपणापासून पाठ होतं. शुलामिथ दारात पाठमोरी उभी होती.

एझ्रा खाली परातीकडे बघत होता. मग थोडासा सरकला, चादरीवर एका माणसापुरती जागा केली, आणि मान वर न करताच म्हणाला, "ताई, बस."

त्याने तिला मोजलं की नुसतं बसायला सांगितलं, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. तिने शूज काढले.

मग दोघं शेजारी शेजारी उभं राहून कद्दिश म्हणू लागले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझं आमेन मागे राहिलं.