कापसाच्या खोलीतून ओळख

"लेकराले कापसाच्या खोलीत नको निजवू वो, अंग फुटते," शेजारच्या रुपीबाई म्हणाल्या. मी मान हलवली आणि पाळणा तिथेच बांधला. बीएस्सी झालेली मी. कापसाने कुठे अंग फुटतं?

मोबाइलवरच्या या गटात येणाऱ्या प्रत्येक आईने ओळख द्यायची म्हणे. नाव, शिक्षण, छंद. मी उज्ज्वला, केळापूरकडच्या बंजारा तांड्यावरची. छंद सध्या एकच: ओमची नखं कापत राहणं. नाहीतर तो स्वतःला ओरबाडतो. सात महिन्यांचा आहे.

यंदा भाव पडला म्हणून सासऱ्यांनी, किसनसिंगांनी, कापूस विकलाच नाही. घराच्या खोल्या दोन, मधे दार नाही. एकीत आढ्यापर्यंत कापूस. कापसातले बारीक किडे चावून ओमच्या अंगावर पुरळ उठलं. पाळणा चुलीपाशी हलवला, तरी किडे तिथेही आले. मग छाती घरघरू लागली.

आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. घुंगट ओढून मी ओमला म्हणायचे, "आजाले सांग बाप्पा, कापूस काढा म्हणा."

सासरेही ओमलाच सांगायचे, "तुया मायले सांग, भाव येऊन राह्यला."

ज्याला बोलता येत नाही, त्याच्या तोंडून सगळा कारभार. नवरा, नेमसिंग, मोबाइलवर भाव बघत बसायचा.

परवा ओमचे ओठ निळसर पडले. दवाखान्यातून वाफ देऊन घरी आणलं, तर खोली तशीच. ओमला सासूकडे दिलं, घुंगट मागे टाकला आणि कवेत मावेल तेवढा कापूस अंगणात फेकायला लागले.

"अवो, येडी झाली काय? काहून फेकून राह्यली?" सासरे ओरडले. "भाव येऊन राह्यला न!"

"येऊ द्या न, बापू! पाळण्यात निजवा त्या भावाले!"

तांडा जमला. नेमसिंग पुढे आला. वाटलं, हात धरतो आता. तो म्हणाला, "थांब, ताडपत्री आणतो."

सासरे आता ओमशीही बोलत नाहीत. न बोलोत.

ओळख झाली. आता मुद्द्याचं. या गटातले जुने फोटो बघत होते. मागच्या आठवड्यात राजूरच्या मेहनाजने बाळाचं पुरळ दाखवलंय. पाळण्यामागे कापसाचा ढीग स्पष्ट दिसतो. एकीने साबण बदल म्हटलं, दुसरीने दृष्ट काढ, बाकीच्यांनी हसरे चेहरे टाकले. लाज वाटायला हवी. त्यानंतर मेहनाजचा एक शब्द नाही. फोन बंद.

ओमला टाकून मला निघता येत नाही. वणी-राजूरकडची कोणी असाल तर आजच जा. दार वाजवा. ती "सगळं ठीक आहे" म्हणाली तरी आत जा, बाळ कुठे निजतं ते बघा.